चिकट डाग आणि आपली केमिस्ट्री



विषय वाचून हसू नका. ड्रॉइंग बोर्डावर सेलोटेप, आरशावर टिकल्या, नव्या बादलीवर किमतीचं स्टिकर, भिंतीवर टाइमटेबल. वर्षअखेरीस या सगळ्याचा काळा, चिकट थर उरतो आणि खोली सोडताना त्याचा हिशोब होतो. मग कुणी ब्लेड घेतं, कुणी पेट्रोल. खरं तर आधी एकच प्रश्न विचारायचा: हा चिकट पदार्थ कशाने सुटतो?

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे सगळ्यालाच 'गम' म्हणायची सवय. मेसच्या मावशी मात्र वेगवेगळे शब्द वापरतात. बाभळीचा तो डिंक, मैद्याची ती खळ, झाडाचा तो चीक. हा फरक केमिस्ट्रीचाच आहे!

१) पाण्याने सुटणारे : डिंक आणि खळ. ओलं फडकं दहा मिनिटं ठेवलं की काम झालं. फेविकॉलही पाण्यातलंच मिश्रण. ओलं असताना लगेच पुसलं जातं, वाळल्यावर मात्र गरम पाण्याने मऊ करावं लागतं.

२) तेलाने सुटणारे : सेलोटेप, स्टिकर, टिकली. यांच्या मागे रबर किंवा अ‍ॅक्रिलिक असतं. पाणी कितीही ओता, उपयोग नाही. खोबरेल तेलाचे चार थेंब लावा, १५ मिनिटं थांबा, कापडाने चोळा. शेवटी साबणाचं ओलं फडकं फिरवा. २०१६ च्या दुष्काळात आपलं मांजरा धरण कोरडं पडलं होतं, हे विसरू नका. इथे बादलीभर पाणी लागतच नाही.

३) उष्णतेने सुटणारे : स्टीलच्या ताटावरचं स्टिकर. ताट थोडं गरम करून कोपऱ्यापासून सावकाश सोला. बादली उन्हात ठेवली तरी चालते. आपल्याकडे उन्हाला काय तोटा!

कुठे काय टाळायचं?

ड्रॉइंग बोर्डाला तेल लावू नका, पुढच्या शीटवर डाग येतो. नवा टेप डागावर दाबून झटक्यात ओढा, उरलेलं खोडरबराने घासा. डिस्टेंपरच्या भिंतीलाही हीच युक्ती, पण टेप हळू ओढा, नाहीतर रंग निघेल. मिनी-ड्राफ्टरच्या पट्ट्या अ‍ॅक्रिलिकच्या असतात; नेलपॉलिश रिमूव्हर किंवा थिनरने त्या पांढुरक्या होतात, बारीक तडे जातात आणि आकडे वाचता येत नाहीत. आरशाची काच मात्र सॅनिटायझरनेही साफ होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खोलीत पेट्रोल आणू नका. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत साचते आणि स्विचची एक ठिणगीही तिला पुरते. रॉकेलचंही तेच. साधारण ४० अंशांच्या आसपास त्याची वाफ पेट घेण्याइतकी तयार होते, आणि मे महिन्यात बीड जिल्ह्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. म्हणजे हिवाळ्यात 'काही होत नाही' म्हणून केलेला प्रयोग उन्हाळ्यात अंगाशी येऊ शकतो.

एक शेवटची गोष्ट. डाग जितका जुना तितका हट्टी, कारण हवा आणि ऊन लागून रबर कडक होतं. म्हणून टेप काढला त्याच दिवशी चार थेंब तेल लावा. टेबलही वाचेल, डिपॉझिटही आणि खोलीतली माणसंही!