इंग्रजी वाक्यात शब्दांचे स्थान



महाराष्ट्रातील मराठी शाळांतही २००० सालापासून इंग्रजीचा ओनामा पहिलीतच होऊ लागला. त्यामुळे इंग्रजी वाक्यरचनेचा पाया घालण्याचे काम प्राथमिक शिक्षकाच्याच हाती आले आहे. प्रस्तुत पाठात या कामातील एकाच अडचणीचा विचार करावयाचा आहे.

‘पुस्तक टेबलावर आहे’ या वाक्याचे इंग्रजी करावयास सांगितले असता चौथी-पाचवीतील एखादा मुलगा ‘बुक टेबल ऑन इज’ असे लिहितो. आपण तांबड्या शाईची रेघ मारतो, शुद्ध वाक्य वर लिहून देतो आणि पुढची वही घेतो. प्रस्तुत लेखकाच्या वहीतही बालपणी अशी रेघ पडली होती. ती का पडली, हे मात्र पुढे कित्येक वर्षे उमगले नाही. वस्तुतः त्या मुलाने नियम मोडलेला नसतो. त्याने नियम अगदी काटेकोरपणे पाळलेला असतो. फक्त तो नियम मराठीचा असतो. कारण न सांगता मारलेल्या रेघेने मुलगा एवढेच शिकतो की, इंग्रजी ही लहरी भाषा आहे, तिच्या वाटेस जाऊ नये.

प्रथम नाम आणि क्रियापद घेऊ. ‘मुलाने बैलाला पाहिले’ हे वाक्य ‘बैलाला मुलाने पाहिले’ असे फिरविले तरी पाहणारा मुलगाच राहतो, कारण ‘ने’ आणि ‘ला’ हे प्रत्यय त्या त्या नामाला घट्ट चिकटलेले असतात. इंग्रजीत ‘द बॉय सॉ द बुल’ हे वाक्य फिरवून ‘द बुल सॉ द बॉय’ असे केले की पाहणारा बैल होतो. तेथे नामाला प्रत्यय नाही. क्रियापदाच्या आधी बसेल तो कर्ता, नंतर बसेल ते कर्म. आपल्याकडे जे काम विभक्ती करते, ते तेथे जागा करते.

इंग्रजी पूर्वीपासून अशी नव्हती, ही गोष्ट शिक्षकाला ठाऊक असावी. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘स्टोन’ या शब्दाचे रूप ‘स्टान’ असे होते. ‘दगडाचा’ या अर्थी ‘स्टानेस’ आणि ‘दगडाला’ या अर्थी ‘स्टाने’ अशी रूपे चालत. अकराव्या ते पंधराव्या शतकांच्या दरम्यान शब्दांच्या शेवटचे आघातहीन स्वर झिजत गेले आणि त्यांबरोबर हे प्रत्ययही गेले. ‘राम्स बॉक्स’ यातील ‘स’ हा त्या ‘एस’ प्रत्ययाचाच अवशेष होय, आणि ‘ही’ व ‘हिम’ यांतील भेदही त्याच जुन्या विभक्तीची खूण आहे. प्रत्यय गेल्यावर अर्थ सांभाळण्याचा भार दोघांवर पडला. एक शब्दांचा ठरलेला क्रम, आणि दुसरी ‘इन’, ‘ऑन’, ‘टू’, ‘ऑफ’ यांसारखी अव्यये.

या अव्ययांपाशीच आमच्या मुलांची खरी ठेच लागते. मराठीत शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येते आणि त्याआधी नामाचे सामान्यरूप होते: टेबल, टेबलावर. इंग्रजीत नाम बदलत नाही आणि अव्यय त्याच्या आधी बसते. ‘प्रेपोझिशन’ या संज्ञेचा व्युत्पत्त्यर्थच ‘आधी ठेवलेले’ असा आहे. अव्यय आणि त्याचे नाम मिळून जो गट होतो, त्यास येथे ‘पदसमूह’ म्हणू.

आता फळ्यावर ‘बाकाखालच्या पेटीची किल्ली’ असे लिहावे आणि त्याखाली ‘द की ऑफ द बॉक्स अंडर द बेंच’ असे लिहावे. ‘द’ तेवढा बाजूस ठेवून मुलांना इंग्रजी ओळ शेवटाकडून वाचावयास सांगावे. बेंच म्हणजे बाक, अंडर म्हणजे खालच्या, बॉक्स म्हणजे पेटी, ऑफ म्हणजे ची, की म्हणजे किल्ली. मराठी शब्द जसेच्या तसे हाती येतात! ‘पेटीत पुस्तक ठेव’ आणि ‘पुट द बुक इन द बॉक्स’ यांचेही तसेच आहे. मराठी रचना आरशासमोर धरावी आणि आत इंग्रजी दिसावी, असा हा प्रकार आहे. ‘टेबल ऑन’ लिहिणाऱ्या मुलाला रेघेऐवजी हा आरसा दाखविला, तर आपली चूक कोठे झाली हे त्याचे त्यालाच दिसते. अर्थात आरसा सर्वत्र चालत नाही. कर्ता दोन्ही भाषांत बहुधा आरंभीच असतो, ‘काळा बैल’ हा ‘ब्लॅक बुल’च राहतो, आणि वर आलेले ‘राम्स बॉक्स’ही ‘रामाची पेटी’ याच क्रमाने चालते.

शब्दास शब्द ठेवण्याच्या सवयीने आणखी एक घोटाळा होतो. मुले ‘ला’ म्हणजे ‘टू’ असे पाठ करतात. ‘शाळेला जातो’ येथे ते जमते. पण ‘मी गुरुजींना विचारले’ याचे ‘आय आस्क्ड टू द टीचर’ केले की चुकते, कारण ‘आस्क’ या क्रियापदामागे येणाऱ्या कर्माला अव्यय लागत नाही. ‘मी रामाला पुस्तक दिले’ हे तर दोन्ही तऱ्हांनी सांगता येते: ‘आय गेव्ह अ बुक टू राम’ किंवा ‘आय गेव्ह राम अ बुक’. दुसऱ्या वाक्यात ‘ला’ कोठे गेला, असे मुले विचारतील, आणि तो प्रश्न रास्त आहे. तो जागेत गेला. म्हणून अव्ययांच्या अर्थांची यादी घोकून घेण्यापेक्षा क्रियापदच त्याच्या सोबत्यांसह शिकविणे बरे.

यापुढची गोष्ट किंचित सूक्ष्म आहे, पण माझ्या मते या विषयातील सर्वांत गोड भाग तोच. ‘द ओल्ड वुमन फेड द काऊ नियर द वेल’ या वाक्यात ‘नियर द वेल’ हा पदसमूह कोणाचा? गाईचा, की चारा घालण्याच्या क्रियेचा? इंग्रजी येथे मौन धरते. मराठीला मात्र बोलावेच लागते. ‘म्हातारीने विहिरीजवळ गाईला चारा घातला’ म्हटले तर ‘जवळ’ क्रियापदाकडे जाते. ‘विहिरीजवळच्या गाईला’ म्हटले की एका ‘च्या’ने ते गाईला बांधले जाते. इंग्रजीत ‘नियर द वेल’ वाक्याच्या आरंभी नेला, तर तो क्रियेचाच ठरतो. म्हणजे पुन्हा जागेनेच निर्णय दिला.

हे वर्गात दाखविण्यास खर्च नाही. जुन्या पुठ्ठ्यावर ‘द ओल्ड वुमन’, ‘फेड’, ‘द काऊ’, ‘नियर द वेल’ असे लिहून चार मुलांच्या हाती द्यावे आणि त्यांना ओळीत उभे करावे. पहिली व तिसरी पाटी अदलाबदल करताच गाय म्हातारीला चारा घालू लागते आणि वर्ग हसतो. त्या हसण्यात अर्धा नियम शिकून होतो. मग चौथ्या मुलाने कोणाचा हात धरावा, असे वर्गाला विचारावे. गाईचा धरला तर मराठीत काय म्हणाल, क्रियापदाचा धरला तर काय म्हणाल, हे मुलांकडूनच वदवून घ्यावे.

सरावासाठी आधी ‘झाडाखालच्या मुलाने डोंगरावरचे देऊळ पाहिले’ यासारखी वाक्ये द्यावीत. त्यातील दोन्ही पदसमूह आपापल्या नामामागे गेले पाहिजेत: ‘द बॉय अंडर द ट्री सॉ द टेम्पल ऑन द हिल’. ते जमू लागल्यावर एके दिवशी ‘द गर्ल सॉ द बॉय विथ द लॅन्टर्न’ हे वाक्य फळ्यावर लिहून त्याचे मराठी करावयास सांगावे. काहींच्या पाटीवर मुलगी कंदिलाच्या उजेडात मुलाला पाहील, काहींच्या पाटीवर कंदील मुलाच्याच हाती असेल. गुण दोघांनाही पूर्ण द्यावेत, आणि कंदील आपापल्या ठिकाणी कसा पोहोचला, हे त्यांना एकमेकांस समजावून सांगू द्यावे.