रांग नसलेल्या लाटा

वाशिम जिल्ह्याचं पाणी दोन्ही समुद्र पाहून घेतं. काटेपूर्णा उत्तरेला जाऊन पूर्णा-तापीमार्गे अरबी समुद्र गाठते, तर पैनगंगा वर्धा-प्राणहिता-गोदावरी अशी फिरत बंगालच्या उपसागराला मिळते. माणसं मात्र तिरुपतीच्या पलीकडे सहसा जात नाहीत. मी चाळिशीनंतर श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर, अरुगम बेच्या आसपास सर्फिंग शिकायला जाऊ लागले, तेव्हा आई एवढंच म्हणाली, "पाण्यात पडाले आपली इहीर काय कमी होती?" तिला द्यायला उत्तर अजून सापडलेलं नाही. पण काही गोष्टी कळल्या, त्या सांगते.

१. गर्दी नसली की शिकणं सोपं होतं, हा माझा समज पहिल्या सकाळीच गेला. जुलै-ऑगस्टमध्ये अरुगम बेच्या मुख्य पॉइंटवर इतके लोक असतात की लाटेसाठी अक्षरशः नंबर लागतो. लाट जिथे फुटायला लागते त्या टोकाच्या सर्वांत जवळ जो असेल, लाट त्याची. दुसऱ्याने मध्ये घुसायचं नाही. आपल्याला हे कसं जमणार म्हणून मी दक्षिणेला पीनट फार्मकडे आणि पानम गावाच्याही पुढे ओकंदापर्यंत सरकले. तिथे पाण्यात जेमतेम दोन-तीन डोकी. मग लक्षात आलं, गर्दीत आपण इतरांकडे बघून शिकत असतो. चार जण एकदम पॅडल मारू लागले की मागून काही तरी येतंय हे आपोआप कळतं. इथे क्षितिजाकडे बघायचं ते आपणच, आणि चुकलं तर दोष द्यायलाही कुणी नाही. ही गैरसोय मला पुढे आवडायला लागली.

२. लाटेबरोबर पाणी येत नाही, हे शाळेत शिकले होते. पटलं मात्र बोर्डवर बसून. गव्हाच्या शेतातून वारा गेला की ओंब्या जागच्या जागी डोलतात, तसं पाणी तिथल्या तिथे गोल फिरतं आणि पुढे सरकते ती फक्त ऊर्जा. या लाटा जन्मतात दक्षिण महासागरातल्या हिवाळी वादळांत. हजारो किलोमीटर त्यांना कुणी अडवत नाही. किनाऱ्याजवळ पाणी उथळ झालं की लाटेचा पाय तळाला अडखळतो, माथा पुढे जातो आणि ती कोसळते. खडकाचं टोक असेल तर ती त्याला वळसा घालत एका बाजूने उलगडत जाते. सर्फर मरतात ते या उलगडण्यावर!

आणि मे ते सप्टेंबर हाच हंगाम का, हे समजलं तेव्हा मी एकटीच हसले. ज्या नैऋत्य मोसमी वाऱ्याकडे डोळे लावून आमच्याकडे सोयाबीनची पेरणी थांबलेली असते, तोच वारा आपला पाऊस पश्चिमेच्या डोंगरांत सांडून या किनाऱ्यावर कोरडा येतो. जमिनीकडून समुद्राकडे वाहताना तो लाटेचं तोंड सरळ धरून ठेवतो. इथला मुख्य पाऊस नोव्हेंबरपासून, ईशान्य मोसमी वाऱ्याबरोबर. म्हणजे जूनमध्ये घरचे फोनवर "आला का पाऊस?" असं एकमेकांना विचारत होते आणि मी मनातून कोरडा वारा मागत होते. हे घरी कुणाला बोलले नाही.

३. वाट पाहणं आपल्या रक्तात आहे, असं मला उगाच वाटायचं. लाटा घोळक्याने येतात, त्याला सेट म्हणतात. मग बराच वेळ काहीच नाही. इतक्या वेळाने आलेली पहिली लाट सोडवत नाही. पण तिच्यावरून पडलं की मागच्या मोठ्या लाटा थेट डोक्यावर. माझा गुरू म्हणजे पोट्टुविलचा विशीतला पोरगा. तो नुसतं म्हणायचा, "अक्का, जाऊ दे." कोरडवाहू शेतकऱ्याच्या लेकीला हातची गोष्ट जाऊ दे म्हणणं सोपं नाही.

४. पाठीला भोपळा बांधून विहिरीत शिकलेलं पोहणं कामाला येतं, पण थोडंच. विहीर ओढत नाही. समुद्रात परतीचा प्रवाह आत ओढतो, आणि त्याच्याशी सरळ भांडलं तर दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघायचं असतं. निर्मनुष्य किनाऱ्यावर जीवरक्षकही नसतो. म्हणून एकटीने उतरायचं नाही, हा नियम मी कधीच मोडलेला नाही. भित्री म्हणा हवं तर.

५. मी ज्याला 'रिकामा किनारा' म्हणत होते तो रिकामा नव्हताच. पहाटे होड्या निघायच्या, जाळी ओढली जायची; मी त्यांच्या कामाच्या जागेत बोर्ड घेऊन बागडत होते. ओकंदाला मुरुगनचं देऊळ आहे. उत्तरेकडून चालत आलेले यात्रेकरू तिथे थांबतात आणि कुमनाच्या जंगलातून कतरगामला जातात. डोक्यावर गाठोडी, पाय अनवाणी. आमच्याकडच्या पोहरादेवीच्या यात्रेची वाट पाहिलेल्या मला ती माणसं परकी वाटलीच नाहीत. परकी मीच, ओल्या कपड्यांतली. एका आजींनी खुणेने विचारलं, या फळीचं काय करतेस? मी उभं राहून दाखवलं. त्या इतक्या हसल्या की बाकीचेही थांबले.

इथे गर्दी नसण्यालाही इतिहास आहे. यादवी युद्ध २००९ च्या मे महिन्यात संपलं, तोवर इकडे येणारे थोडेच. त्याआधी, २६ डिसेंबर २००४ ला, त्सुनामीने हा सगळा किनारा झोडपला होता. माझा गुरू तेव्हा तान्हा होता. मी एकदा मोठ्या लाटेची तक्रार केली तेव्हा त्याची आई काही बोलली नाही, नुसता चहा पुढे केला. त्यानंतर 'काय भयंकर लाट होती' हे वाक्य मी त्या घरात उच्चारलेलं नाही.

६. उभं राहणं हे यातलं सर्वांत छोटं काम. तरी फोटो त्याचाच निघतो.

विदर्भातून कुणाला हे करून बघायचं असेल, तर थेट श्रीलंका गाठायची गरज नाही. तमिळनाडूत चेन्नईजवळचं कोवळम आणि महाबलीपुरम, कर्नाटकात मुल्की इथे चांगले शिकवणारे आहेत. पोहायला आधी शिका, सुरुवातीला मऊ फोमचा मोठा बोर्ड घ्या, आणि तिथल्या कोळ्यांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका.