चेंबर खोलताना

मातीच्या ट्रॅकसाठी आमच्याकडची पोरं अजूनही यामाहा आरएक्स १०० च शोधतात. ९८ सीसीचं हे टू-स्ट्रोक इंजिन भारतात १९८५ ते १९९६ या काळात बनलं. आज हाती येणाऱ्या बहुतेक गाड्यांचं क्रँकचं बेअरिंग कधी ना कधी बदलावंच लागतं. ते करता करता हाताला जे कळलं, ते असं.

१. आधी खात्री करा. रेस दिली की घरघर वाढते आणि क्लच दाबला तरी जात नाही, तर संशय बेअरिंगवर. मॅग्नेट हातात धरून वर-खाली हलवा. जरासा जरी प्ले जाणवला तरी चेंबर, म्हणजे क्रँककेस, खोलायलाच हवं.

२. इंजिन बाहेरून डिझेलने स्वच्छ धुतल्याशिवाय पाना लावू नका. पुठ्ठ्यावर चेंबरची आकृती काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी खोचा, कारण सगळ्यांची लांबी सारखी नसते.

३. दोन अर्ध्यांच्या फटीत स्क्रूड्रायव्हर कधीही घालू नका. टू-स्ट्रोकमध्ये हे चेंबरच मिश्रण ओढतं आणि वर ढकलतं. जोडाच्या कडेला ओरखडा पडला की तिथून हवा शिरते, पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टन जाम होतो. पुलर लावा. अर्धं निघत नसेल तर जोर वाढवू नका, राहिलेला स्क्रू शोधा. आणि उघडल्यावर शिम मोजा. तेलाने चिकटून त्या पलीकडच्या अर्ध्यात बसलेल्या असतात.

४. बेअरिंग ठोकून काढू नका, चेंबर तापवा. माझा सगळ्यात जास्त आग्रह याचाच. ॲल्युमिनिअम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. ६२०५ क्रमांकाचं बेअरिंग बाहेरून ५२ मिलिमीटर असतं. चेंबरमधलं त्याचं तेवढंच घर १०० अंशांनी तापलं की सुमारे ०.१२ मिलिमीटर मोठं होतं. बेअरिंग घट्ट असतं ते याहून कमी फरकाने. जुनी सील काढून चेंबर हॉटप्लेटवर सावकाश, सगळीकडून सारखं तापवा. एकाच जागी ज्योत धरली तर ते वाकतं. पाण्याचा थेंब टाकला आणि चर्र करून उडाला, की झालं. लाकडावर उपडं आपटलं तर जुनं बेअरिंग आपोआप खाली पडतं. नवं रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलेलं असेल तर बोटाने दाबलं तरी टक्क करून तळाला बसतं. तो आवाज ऐकला की मन निवांत होतं.

५. दाबावंच लागलं तर घरात बसवताना बाहेरच्या कड्यावर, क्रँकवर चढवताना आतल्या. जोर गोळ्यांमधून गेला तर नवं बेअरिंगही पहिल्याच दिवशी खराब होतं.

६. क्रँकच्या टोकावर हातोडा नको. हा क्रँक दाबून जोडलेला असतो, एका फटक्यात तिरका होतो. लेथवाल्याकडे डायल लावून पाहून घ्या.

७. ऑइल सील दोन्ही नवी. क्लचकडचं गळालं तर गिअर ऑइल जळून पांढरा धूर येतो.

८. जुनं बेअरिंग फेकण्याआधी धुऊन पाहा. गंज म्हणजे पाणी शिरलं, खरवडलेल्या वाटा म्हणजे एअर फिल्टरमधून माती आली, निळसर झाक म्हणजे तेल पोचलं नाही. निळं दिसलं तर ऑइल पंपाची केबल ॲक्सिलरेटरबरोबर नीट ओढली जाते का, हे पाहिल्याशिवाय मी गाडी ट्रॅकवर जाऊ देत नाही.