टोकनाविना वाहनकर: यवतमाळ जिल्ह्यातील वाहनमालकांसाठी अनुभवाचे बोल

वाहनकराची कागदी पावती आणि काचेवर लावायचे टोकन यांनी अनेक दशके दोन वेगवेगळी कामे केली: कर भरलेला आहे हे रस्त्यावरच्या अधिकाऱ्याला दाखवणे हे पहिले, आणि तो कधी संपणार आहे हे चालकाच्या रोज नजरेस आणून देणे हे दुसरे. कागदविरहित पद्धतीत पहिले काम संगणकाकडे गेले आणि ते तेथे पूर्वीपेक्षा चोख होते, हे मान्य केलेच पाहिजे; दुसरे काम मात्र कोणाकडेच रीतसर सोपवले गेले नाही. ज्या वाहनमालकांना या बदलात दंडव्याज भरावे लागले किंवा ऐन हंगामात गाडी उभी ठेवावी लागली, त्यांपैकी अनेकांची कर भरायची तयारी होती आणि ऐपतही होती. त्यांना मुदतीची आठवण करून देणारे मात्र काही उरले नव्हते. एमएच-२९ या क्रमांकाच्या, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यात नोंदलेल्या वाहनांच्या मालकांनी ही गोष्ट नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

महाराष्ट्रात वाहनकर १९५८ च्या मोटार वाहन कर अधिनियमाखाली आकारला जातो. खासगी दुचाकी आणि मोटारी यांच्यावर एकरकमी कर असतो, म्हणजे नोंदणीच्या वेळी एकदाच भरायचा कर. ट्रक, बस यांसारख्या परिवहन संवर्गातील, म्हणजे भाड्याने माल किंवा प्रवासी वाहून नेणाऱ्या अनेक वाहनांवर मुदतीचा कर असतो आणि तो मुदत सुरू होण्यापूर्वी आगाऊ भरायचा असतो. मार्च २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू वाहनांसाठी ७ टक्के एकरकमी कराचा प्रस्ताव मांडला गेला असल्यामुळे, लहान मालवाहू गाडी असलेल्याने आपले वाहन कोणत्या प्रकारात मोडते याची खात्री आधी करून घ्यावी. यांखेरीज २०१० पासून पर्यावरण कर लागू आहे, ज्याला बोलण्यात ग्रीन टॅक्स म्हणतात. तो परिवहन वाहनांना नोंदणीपासून ८ वर्षांनी आणि खासगी वाहनांना १५ वर्षांनी लागतो. एकरकमी कर भरला म्हणजे गाडीचे जन्माचे देणे फिटले, असे समजणारा दुचाकीमालक पंधरा वर्षांनी पुनर्नोंदणीला जातो तेव्हा हा कर त्याच्यासमोर अचानक उभा राहतो.

या सर्व करांची नोंद आता ‘वाहन’ या संगणक प्रणालीत होते, जी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने देशभरासाठी विकसित केली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १३९ मध्ये नोव्हेंबर २०१८ मध्ये दुरुस्ती होऊन कागदपत्रे इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवण्यास मान्यता मिळाली, आणि १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या दुरुस्त्यांनुसार जी कागदपत्रे प्रणालीत पडताळता येतात ती प्रत्यक्ष कागदावर मागण्याचे कारण उरले नाही. कायद्याचा आधार कागदावरून नोंदीवर सरकला तो असा. याचा व्यवहारातला अर्थ पुरेसा स्पष्टपणे सांगितला जात नाही: मालकाच्या फाइलीतील पावती खरी असली, पण ती प्रणालीत चढलेली नसली, तर रस्त्यावर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याच्या पडद्यावर ते वाहन थकबाकीदारच दिसते.

एमपरिवहन या मोबाईल उपयोजनात किंवा परिवहन संकेतस्थळावर वाहनाचा क्रमांक टाकला असता जो तपशील उघडतो, त्यात नोंदणी, फिटनेस, विमा आणि पीयूसी यांच्या मुदतींबरोबर कराची मुदतही एका ओळीत दिलेली असते. खासगी वाहनासमोर तेथे ‘एलटीटी’ अशी अक्षरे दिसतात, म्हणजे आयुष्यभराचा कर भरलेला आहे. परिवहन वाहनासमोर तारीख दिसते. ही तारीख मालकाच्या पावतीवरील तारखेशी जुळते का, हे पाहणे ही पहिली गरज आहे, आणि ती घरबसल्या भागते.

ही तारीख न जुळल्यास काय होते, याचे एक उदाहरण येथे तपशिलाने नोंदवणे योग्य ठरेल. प्रस्तुत लेखकाच्या निकट पाहण्यातील, आर्णी तालुक्यातील एका सहाचाकी ट्रकचे मालक जिनिंगमधून कापसाच्या गाठी आणि सरकी वाहून नेण्याचा व्यवसाय करतात. नव्या प्रणालीपूर्वी भरलेल्या एका मुदतीची पावती त्यांच्याकडे शिक्क्यासह होती, परंतु जुन्या नोंदी संगणकावर चढवताना ती मुदत सुटली होती. त्यामुळे पुढचा कर भरण्यासाठी संकेतस्थळ उघडले तेव्हा मागील थकबाकी आणि तीवरील व्याज धरून रक्कम दिसू लागली. थकीत करावर दरमहा २ टक्के व्याज लागते, म्हणजे १०,००० रुपयांच्या थकबाकीवर महिन्याला २०० आणि वर्षाला २,४०० रुपये. सुटलेली मुदत जितकी जुनी, तितका हा आकडा फुगतो. अशा वेळी दिसेल ती रक्कम भरून मोकळे व्हावे असा सल्ला सहज दिला जातो, पण तो चुकीचा आहे. जुन्या पावतीची मूळ प्रत आणि छायाप्रत घेऊन परिवहन कार्यालयात अर्ज करणे, पावतीची कार्यालयीन नोंदीशी पडताळणी करून घेणे आणि सुटलेली मुदत प्रणालीत चढवून घेणे हाच मार्ग आहे. कार्यालयात या कामाला बॅकलॉग एन्ट्री म्हणतात. म्हणून कागदविरहित पद्धत आली तरी जुन्या पावत्या रद्दीत घालू नयेत, किंबहुना त्यांचे महत्त्व आताच वाढले आहे.

याच मालकांच्या बाबतीत दुसरी अडचण अधिक त्रासदायक ठरली. गाडीची मागील कामे ज्या एजंटाने केली होती, त्याने अर्जात मालकाऐवजी स्वतःचा मोबाईल क्रमांक टाकला होता. ओटीपी, म्हणजे व्यवहाराची ओळख पटवणारा एकवेळचा अंकसंकेत, त्यामुळे एजंटाच्या फोनवर जात होता. मालकाच्या फोनवर कराविषयी किंवा चालानाविषयी एकही संदेश येत नव्हता. आणि एजंटाने व्यवसाय बंद करून क्रमांक बदलल्यावर मालकाच्या हातातील गाडीची नोंद मालकाच्याच हाती राहिली नाही. जिल्ह्याचे अंतर लक्षात घेतले तर एजंटावरील हे अवलंबन का वाढले ते समजते: उमरखेड किंवा वणीच्या माणसाला यवतमाळला जायचे तर एका बाजूचा प्रवास शंभर किलोमीटरच्या आसपास आहे, आणि धंद्याचा दिवस बुडवण्यापेक्षा एजंटाला पैसे देणे त्याला परवडते. यात एजंटाचा हेतू प्रत्येक वेळी वाईट असतो असेही नाही, कारण काम वेळेत उरकायचे तर ओटीपी स्वतःच्या फोनवर येणे त्याला सोयीचे पडते. परंतु ही सोय पुढे मालकाला जाचते.

मोबाईल क्रमांक बदलण्याची सोय परिवहन संकेतस्थळावर आहे. तिच्यासाठी नोंदणी क्रमांक, चेसिस क्रमांक, इंजिन क्रमांक, नोंदणीची तारीख यांसारखा आरसीवरील तपशील हाताशी लागतो. आरसीवरील नाव आणि आधारवरील नाव यांत फरक असेल, वडिलांचे नाव एके ठिकाणी असून दुसरीकडे नसेल किंवा आडनाव आधी-मागे झालेले असेल, तर घरबसल्या काम अडते आणि कार्यालयात जावे लागते. महा ई-सेवा केंद्रात किंवा नेट कॅफेत काम करून घेण्यास हरकत नाही, मात्र अर्जात कोणता क्रमांक टाकला जात आहे हे पडद्यावर स्वतः वाचावे आणि आपला फोन जवळ ठेवूनच बसावे.

प्रत्यक्ष भरणा करताना आणखी एक जागा धोक्याची आहे. रक्कम खात्यातून वजा होते, बँकेचा संदेश येतो, परंतु पावती तयार होण्यापूर्वीच संपर्क तुटतो आणि पडद्यावर व्यवहार अपूर्ण असल्याचे दिसते. समोर बसलेला केंद्रचालक अशा वेळी पुन्हा भरण्यास सांगतो, आणि मुदत संपत आलेली असल्याने मालकही घाईने तयार होतो. मग एकाच मुदतीसाठी दोनदा पैसे गेले की परताव्यासाठी अर्ज, बँकेचा उतारा आणि प्रतीक्षा असा लांबचा रस्ता धरावा लागतो. वाहन प्रणालीत अशा अर्धवट व्यवहारांची स्थिती तपासण्याची वेगळी सोय आहे. वाहन क्रमांक किंवा व्यवहार क्रमांक देऊन ती तपासली असता बँकेकडून खातरजमा होते आणि रक्कम पोहोचली असल्यास पावती तयार होते. व्यवहार क्रमांक त्याच वेळी लिहून ठेवावा, आणि ही तपासणी झाल्याशिवाय दुसऱ्यांदा पैसे भरू नयेत. हे सावकाश करता यावे यासाठी भरणा शेवटच्या दिवसावर ठेवू नये, एवढी एकच सूचना बाकी अनेक सूचनांचे काम करते.

पावसाळ्यात वाहन उभे ठेवणाऱ्यांसाठी कायद्यातील एक तरतूद विशेष महत्त्वाची आहे. कापसाच्या हंगामावर चालणारी अनेक मालवाहू वाहने जून ते सप्टेंबर या काळात अंगणात उभी असतात, आणि गाडी चाललीच नाही तर कर कशाचा, असा मालकांचा समज असतो. अधिनियम मात्र उलट गृहीत धरतो: नोंदणी चालू असेपर्यंत वाहन वापरात आहे असेच मानले जाते, आणि ते वापरात नसल्याची सूचना, वाहन कोठे उभे आहे या तपशिलासह, मालकाने परिवहन कार्यालयाला आगाऊ दिली असेल तरच त्या काळापुरता विचार होतो. मागाहून दिलेले कारण कितीही खरे असले तरी उपयोगी पडत नाही. पूर्वी टोकन संपल्याचे पाहून कोणीतरी जाणकार ही सूचना द्यायला सांगत असे. आता ती तारीख मालकाने स्वतःच लक्षात ठेवायची आहे.

आठवण हरवल्याने काय होते, याचा दाखला ब्रिटनमध्ये मोजलेला मिळतो. तेथे १९२१ पासून मोटारीच्या काचेवर लावली जाणारी गोल कागदी करचकती १ ऑक्टोबर २०१४ रोजी बंद झाली, आणि कर भरला की नाही हे केवळ नोंदीवरून व रस्त्यावरील कॅमेऱ्यांवरून ठरू लागले. छपाई व टपालाचा खर्च वाचला, परंतु कर न भरलेल्या वाहनांचे प्रमाण सरकारी रस्ता-पाहणीनुसार २०१३ मध्ये ०.६ टक्के होते ते २०१५ मध्ये १.४ टक्के आणि २०१७ मध्ये १.८ टक्के झाले. टपालाने स्मरणपत्र पाठवण्याची पद्धत तेथे चालू होती, तरीही हे घडले. त्याच बदलात गाडी विकली की तिचा उरलेला कर नव्या मालकाकडे जाणे बंद झाले, आणि जुन्या सवयीने गाडी घेऊन निघालेले अनेक खरेदीदार अडचणीत आले. स्मरणपत्र असलेल्या देशात हे झाले, तर ज्या जिल्ह्यात संदेश दुसऱ्याच्याच फोनवर जातो तेथील मालकांना दोष देण्याआधी बराच विचार केला पाहिजे.

आपल्याकडे विक्रीच्या वेळचा धोका थोडा निराळा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात वाहन विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचे असते. केवळ सही केलेले फॉर्म २९ आणि ३० हवाली करून विश्वासावर गाडी दिली, तर प्रणालीत जुनाच मालक राहतो आणि थकबाकी व चालाने त्याच्याच नावावर जमत जातात.

रस्त्यावर दाखवण्याच्या बाबतीत एक गैरसमज दूर होणे आवश्यक आहे. आरसीचा फोनमध्ये काढलेला फोटो किंवा व्हॉट्सॲपवर आलेली प्रत म्हणजे इलेक्ट्रॉनिक कागदपत्र नव्हे. डिजिलॉकरमध्येसुद्धा स्वतः चढवलेली प्रत आणि विभागाने निर्गमित केलेले कागदपत्र असे दोन कप्पे वेगळे असतात, आणि मूळ कागदपत्राचा दर्जा दुसऱ्यालाच आहे. उमरखेड तालुक्यातील बंदी भागात किंवा टिपेश्वर अभयारण्याच्या आसपासच्या रस्त्यांवर नेटवर्क हमखास मिळेल असे नाही, आणि राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून पिंपळखुटी ओलांडून आदिलाबादकडे जाणाऱ्या चालकाची तपासणी दुसऱ्या राज्यातील अधिकारी करतो. म्हणून निर्गमित कागदपत्रे घरूनच फोनमध्ये उतरवून घ्यावीत आणि कराच्या पावतीची छापील प्रत गाडीत ठेवावी. पद्धत कागदविरहित असली तरी एक कागद सोबत बाळगण्यात कमीपणा नाही.

या बदलाचा फायदा लुटारूंनीही घेतला आहे. कर थकला आहे किंवा चालान निघाले आहे असा संदेश येतो, त्यासोबत आरटीओच्या नावाची एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये परस्पर उपयोजन बसवणारी फाइल असते, आणि ती उघडली की फोनमधील संदेश व ओटीपी तिसऱ्याच्या हाती जातात. शासनाचे संकेतस्थळ ‘गव्ह डॉट इन’ने संपते आणि शासन अशी फाइल पाठवत नाही, एवढे घरातल्या सर्वांना सांगून ठेवावे, पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर तात्काळ तक्रार करावी, कारण पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.

वाहनमालकांनी कापसाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी आपल्या गाडीची कराची तारीख आणि नोंदलेला मोबाईल क्रमांक या दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. परिवहन विभागाला विनंती अशी की, तालुक्याच्या ठिकाणी भरणाऱ्या शिबिरांत मोबाईल क्रमांकाची दुरुस्ती आणि जुन्या पावत्यांची नोंद या दोनच कामांसाठी एक स्वतंत्र टेबल लावावे, आणि त्याची सूचना ग्रामपंचायतींच्या फलकांवर आठवडाभर आधी द्यावी.