सभाधीटपणा : डॉक्टरांसाठी एक आवश्यक अभ्यास

परिषदेत इंग्रजीतून शोधनिबंध सहज सादर करणारे आपले कित्येक व्यवसायबंधू पालकसभेत वा महिला मंडळात मराठीतून दहा मिनिटे बोलण्याचे निमंत्रण आले की संकोचतात. इंदूरसारख्या शहरात आपले वैद्यकीय शिक्षण इंग्रजीत, बाहेरचा व्यवहार हिंदीत आणि मराठी बव्हंशी घरापुरती. त्यामुळे हे घडणे स्वाभाविक आहे. परंतु आजाराविषयीचे अज्ञान बालकाच्या जिवावर बेतू शकते, म्हणून हा संकोच घालवणे हे आपल्या कर्तव्यातच मोडते.

सभेत उभे राहताच छाती धडधडते, घसा कोरडा पडतो, तळहात घामेजतात. ही अ‍ॅड्रिनलिनची करामत आहे, दुबळेपणाचे लक्षण नव्हे. बोलण्यापूर्वी चार-पाच वेळा श्वास सावकाश सोडावा, जवळ पाणी ठेवावे आणि आरंभीची दोन वाक्ये मुखोद्गत असावीत. पाण्याला भिणारे मूल आधी उथळ पाण्यात रमते, मग पोहू लागते. तद्वत प्रथम पाच-सहा जणांपुढे, मग वर्गापुढे आणि नंतर सभेपुढे बोलावे. टाळल्याने भीती वाढते, सरावाने ओसरते.

आत्मविश्वासाचे खरे मूळ मात्र तयारीत आहे. ‘श्रोत्याने घरी काय न्यावे?’ हा प्रश्न प्रथम सोडवावा. समजा, विषय बालकांचे जुलाब हा आहे. जंतूंची वर्गवारी सांगण्यात वेळ दवडू नये. तीनच गोष्टी सांगाव्यात : ओआरएसच्या १ लिटरच्या पाकिटातील सर्व पूड १ लिटर स्वच्छ पाण्यात एकदम मिसळावी, ते पाणी थोडे थोडे पाजत राहावे व २४ तासांनंतर उरलेले टाकून द्यावे, स्तनपान व आहार बंद करू नये. पूड पेलाभर पाण्यातच कालवली तर द्रावण दाट होऊन शरीरातील क्षार धोकादायक प्रमाणात वाढू शकतात, हे कारणही सांगावे. मूल सुस्त झाले, पिईनासे झाले किंवा शौचातून रक्त पडले, तर विलंब न करता डॉक्टरांकडे न्यावे, या सूचनेने समारोप करावा.

‘निर्जलीकरण’ म्हणण्याऐवजी ‘अंगातले पाणी कमी होणे’ म्हणावे. पाकीट व लिटरचे भांडे प्रत्यक्ष दाखवावे. भाषण वाचून दाखवू नये. मुद्द्यांचे टिपण हाती पुरे. घड्याळ लावून घरात मोठ्याने सराव करावा आणि वैद्यकाशी संबंध नसलेल्या व्यक्तीस ‘तुम्हांला काय समजले?’ असे विचारावे. तिला जे सांगता येणार नाही, तो भाग पुन्हा रचावा.

सभेतही अखेरीस एखाद्या मातेला ओआरएस कसे करावे ते सांगण्याची विनंती करावी. तिने ते अचूक सांगितले, तर भाषण सफल झाले असे खुशाल समजावे. टाळ्या किती पडल्या हा प्रश्न गौण होय.