तीन दिवसांत आराम

आमच्या घराला संधिवात नवा नव्हता. सासूबाईंचे गुडघे पंधरा वर्षं दुखत होते. जिना उतरताना कठडा धरायचा, रात्री निर्गुडीचं तेल चोळायचं, शेकायचं, हे रोजचंच. त्यामुळे बेचाळिसाव्या वर्षी माझी बोटं सुजली तेव्हा कुणालाच त्याचं विशेष वाटलं नाही. "वात धरलाय," म्हणत सासूबाईंनी तेलाची बाटली माझ्याकडे सरकवली.

सकाळी माझी मूठ वळायची नाही. कणीक मळायला घेतली की परातीत हात नुसता ठेवून उभी राहायचे. नळ सोडायला यांना हाक मारायची. शाळेत फळ्यावर लिहायची वेळ येईपर्यंत हात सुटलेला असे, म्हणून मीही विसरून जाई. दोन्ही हातांची तीच ती बोटं, दोन्ही मनगटं, पुढे पावलांचे चवडे. जोडीला थकवा आणि अधूनमधून बारीक ताप. सासूबाई सकाळी दहा मिनिटं लंगडत आणि मोकळ्या होत. जास्त चाललं की त्यांचं दुखणं वाढे. माझं उलट होतं. पडून राहिलं की सांधे आखडत, कामाला लागलं की जरा सुटत. एकाच घरातली ही दोन दुखणी इतकी वेगळी असून मी दोन्हींना एकच तेल लावत राहिले. दही, चिंच, वांगं, बटाटा सोडला. फरक शून्य.

मग शाळेतल्या एका बाईंनी आठवडी बाजारात बसणाऱ्या एका माणसाविषयी सांगितलं. "जडीबुटी आहे, अपाय काही नाही. तीन दिवसांत आराम." पांढरट पूड, कागदाच्या पुड्या, सकाळ-संध्याकाळ एकेक. तिसऱ्या दिवशी खरंच मूठ वळली. त्या दिवशी मी पोळ्या लाटताना रडले.

आठ महिने पुड्या घेतल्या. चेहरा गोल झाला, भूक वाढली. भेटणारा म्हणे, "तब्येत सुधारली हं!" दंडावर जरा धक्का लागला तरी काळेनिळे डाग उठत, त्याकडे मी लक्ष दिलं नाही. पावसाळ्यात तो माणूस लागोपाठ दोन बाजार आला नाही आणि पुड्या संपल्या. चार-पाच दिवसांत उलट्या, चक्कर. उभं राहता येईना. दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तदाब खूप खाली गेला होता. डॉक्टरांनी विचारलं, "चूर्ण, काढा, पुडी, काही चालू होतं का?" यांनी डब्याच्या तळाशी राहिलेली एक पुडी आणून दाखवली. लक्षणं पाहून डॉक्टर म्हणाले, यात स्टेरॉइड मिसळलेलं असणार.

स्टेरॉइड बाहेरून बराच काळ मिळत राहिलं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवतात. अशात ते एकदम तुटलं तर जिवावर बेततं. हे औषध काही विष नव्हे. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये आमवाताने जखडलेल्या एका बाईला कॉर्टिसोन दिलं आणि ती काही दिवसांत चालू लागली. त्या कामाला १९५० साली नोबेल मिळालं. तोटे लक्षात आले ते नंतर: ठिसूळ हाडं, वाढती साखर, मोतीबिंदू, जंतुसंसर्ग. मलाही डॉक्टरांनी पुढे स्टेरॉइडच दिलं, पण मोजून आणि हळूहळू कमी करत. पुडीत किती आहे हे कोण मोजणार?

नंतर संधिवाततज्ज्ञांकडे गेले. त्यांचा पहिला प्रश्न होता, "सकाळी हात मोकळे व्हायला किती वेळ लागायचा?" दीड वर्षात हे मला कुणी विचारलं नव्हतं. दीड-दोन तास, मी म्हणाले. त्यांनी एकेक सांधा दाबून पाहिला, रक्त तपासलं, एक्स-रे काढला. निदान झालं आमवाताचं, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिसचं. यात शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. एक्स-रेत हाडांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसत होत्या. दुखणं थांबलं म्हणून मी निश्चिंत होते. आत रोग आपलं काम करत होता.

आता माझ्याकडे कुणी "संधिवातावर काय घेता?" असं विचारत आलं, की मी उलट विचारते, "कोणता?"

सासूबाईंचा झिजेचा. सांध्यातली कूर्चा झिजते. तिथे खरं औषध म्हणजे मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि वजन उतरवणं. एक किलो वजन उतरलं तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. उकिडवं बसणं सोडून खुर्ची आणि कमोड वापरायचा, शस्त्रक्रिया शेवटी.

आमच्या भावोजींचा युरिक अॅसिडचा. मध्यरात्री पायाचा अंगठा लाल होऊन असा ठणकला, की चादरीचा स्पर्शही सोसेना. ऐन झटक्यात युरिक अॅसिड नॉर्मल येऊ शकतं, म्हणून नंतर पुन्हा तपासावं लागतं. बिअर आणि मटण आवरायलाच हवं, पण वारंवार झटके येत असतील तर गोळीही लागते.

चिकनगुनियानंतरही सांधे काही महिने धरून राहतात. आणि तरुण मुलाची कंबर पहाटे आखडत असेल, व्यायामाने सुटत असेल, तर तो मणक्याचा दाहक संधिवात असू शकतो. "गादी बदल" सांगून भागत नाही.

आमवातासाठी करतात त्या आरए फॅक्टर या रक्ततपासणीच्या एकट्या कागदावर विसंबू नका. धडधाकट माणसातही तो पॉझिटिव्ह येतो आणि आमवात असूनही निगेटिव्ह येतो.

मला आमवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू आहे. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेली तर तोंड येतं, रक्तपेशी घटतात, जीवही जाऊ शकतो. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरात दर सोमवारी आमच्याकडे लाल खूण असते. फॉलिक अॅसिड वेगळ्या दिवशी. ठरावीक काळाने रक्त आणि यकृताची तपासणी. दारू वर्ज्य, आणि मूल हवं असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलायचं. गुण यायला मला अडीच महिने लागले. तीन दिवसांत काहीच झालं नाही.

आज मी कणीक मळते, फळ्यावर लिहिते. उजव्या हाताची दोन बोटं मात्र वाकली आहेत आणि ती आता सरळ होणार नाहीत.

उद्या उठलात की घड्याळ बघा. मूठ पूर्ण वळायला किती वेळ लागतो, कोणते सांधे सुजलेत, ते वहीत लिहा. अर्ध्या तासाहून जास्त लागत असेल, सूज दोन-तीन आठवड्यांत उतरली नसेल, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. पुडी चालू असेल तर तीही बरोबर न्या. लाजू नका, आणि ती आपल्या मनाने एकदम बंदही करू नका.