आयतालेखाचा उभा अक्ष

गतवर्षी नववीतील एका विद्यार्थ्याने संगणकावर काढलेला आयतालेख आम्हांस आणून दाखविला. उभ्या अक्षावर २.४ हा आकडा पाहताच आम्ही त्यावर तांबड्या शाईने फुली मारली. कारण पूर्णाचा भाग १ पेक्षा मोठा कसा असेल? चूक आमची होती.

प्रश्न असा होता. घरून शाळेत येण्यास वर्गातील ४० मुलांपैकी १६ जणांना १० मिनिटांपर्यंत वेळ लागतो, १२ जणांना १० ते २० मिनिटे, आणि अंजूर फाटा, शेलार अशा बाजूंनी येणाऱ्या उरलेल्या १२ जणांना २० ते ६० मिनिटे. मुलाने प्रथम मुलांची संख्या हीच आयतांची उंची धरली होती. शेवटचे दोन आयत सारख्याच उंचीचे झाले. परंतु तिसऱ्याचा पाया चौपट रुंद. डोळा उंची मोजीत नाही, क्षेत्रफळ मोजतो! एकूण ७६० पैकी ४८० क्षेत्रफळ त्या एका आयताचे. हे चित्र पालकसभेत फिरले, आणि निम्म्याहून अधिक मुले लांबून येतात, तेव्हा शाळा उशिरा भरवावी, अशी मागणी झाली. वास्तविक अशी मुले १० पैकी ३ होत.

भिवंडीच्या मुलास यावरील उपाय घरातच सापडावा. मागावरील कापडाचा दाटपणा आपण संपूर्ण पन्ह्यातील धाग्यांवरून ठरवीत नाही. एका इंचात किती धागे, हे पाहतो. तसेच येथे करावे. प्रत्येक वर्गातील संख्येस त्या वर्गाच्या रुंदीने भागावे: दर मिनिटास १.६, १.२ आणि ०.३ मुले. यांस पुन्हा ४० ने भागले म्हणजे उंची ०.०४, ०.०३ व ०.००७५ येते, आणि तिन्ही क्षेत्रफळांची बेरीज बरोबर १ होते. ही उंची म्हणजे घनता, भाग नव्हे. भाग क्षेत्रफळात असतो.

आता २.४ कोठून आले? मुलाने मिनिटांऐवजी तास घेतले होते. इंचात ६० धागे असलेल्या कापडात सेंटिमीटरला सुमारे २४ भरतात. म्हणून कापड विरळ होत नाही. त्याचप्रमाणे दर मिनिटास ०.०४ म्हणजे दर तासास २.४. पाया तासाचा सहावा भाग; गुणाकार ०.४, म्हणजे ४० पैकी १६ मुले. हिशेब चोख होता.

‘आर’ या संगणक-प्रणालीस असमान रुंदीचे वर्ग दिले असता ती आपण होऊनच उभ्या अक्षावर घनता घेते. संख्याच हवी असा हट्ट धरला, तर चित्र काढते खरे, पण क्षेत्रफळे चुकली आहेत असा इशाराही देते. आम्हांस असा इशारा देणारे त्या दिवशी कोणी नव्हते.

फुली खोडून आम्ही गुण दिले, आणि नवा आयतालेख पालकसभेपुढे ठेवला. शाळेची वेळ बदलली नाही. लांबून येणाऱ्या १२ मुलांना मात्र, पावसाळ्यात उशीर झाला तरी, पहिल्या तासास वर्गाबाहेर उभे करू नये, असे ठरले.